पन्नासपैकी सहा

मंगळवारी सकाळी सव्वादहा वाजता, फोटोंना आणि चित्रांना चौकटी बसवून देणाऱ्या त्या दुकानात दोन मोबाइल एकदम वाजले. एक काउंटरवर, दुसरा मागच्या खोलीत. काउंटरवरचा लगेच उचलला गेला. मागच्या खोलीतला उचलला गेला अकरा वाजून दहा मिनिटांनी, कारण तेव्हा हातातली काच कापून झाली.

काउंटरवर बसायची ती दुकानाची मालकीण. साऱ्या बाजारात तिला रेडिओ म्हणत, अर्थात तिच्या माघारी. गिऱ्हाइकाने दारात पाऊल टाकलं न टाकलं तोच ती त्याच्या मुलाबाळांची, गुडघेदुखीची आणि गेल्या खेपेला नेलेल्या चौकटीची चौकशी एका दमात करून मोकळी व्हायची. मागच्या खोलीत तिचा नवरा. त्याला बाजाराने मोजपट्टी हे नाव बहाल केलं होतं आणि ते लोक त्याच्या तोंडावरही घेत. त्याची काही हरकत नव्हती. ‘पट्टी नाही, मी टेप वापरतो,’ एवढी एक दुरुस्ती त्याने फार पूर्वी सुचवली होती. कानामागे पेन्सिल, डाव्या मनगटावर आकडे लिहिलेले, आणि कुठलीही गोष्ट तीनदा मोजून सरासरी काढल्याशिवाय करवतीला हात लावायचा नाही, हा त्याचा शिरस्ता. तीस वर्षांत त्याची एकही चौकट वाकडी निघाली नव्हती. तीस वर्षांत त्याने कुणाशी हवापाण्याच्या गप्पाही मारल्या नव्हत्या.

मेसेज त्यांच्या एकुलत्या एक लेकीचा होता. ती दुसऱ्या शहरात, नकाशे काढणाऱ्या एका ऑफिसात नोकरीला होती. घरच्या तिघांच्याच ग्रुपवर तिने एक लिंक टाकली होती आणि खाली लिहिलं होतं, ‘हे दोघांनी करून बघा. घाई नाही. रविवारी अकराला येतेय, तेव्हा बोलू.’

एवढंसं लिहायला लेकीला पंधरा दिवस लागले होते, हे त्या दोघांना ठाऊक नव्हतं. आपण ते ठाऊक करून घ्यायला हरकत नाही. पंधरा दिवसांपूर्वी एका डॉक्टरीणबाईंनी तीन वेळा तास-तासभर बोलून झाल्यावर तिला सांगितलं होतं, की ती ऑटिस्टिक आहे, लहानपणापासून आहे, आणि तिच्यात बिघडलेलं असं काही नाही. ऐकून तिला हायसं वाटलं. गर्दीत जीव का गुदमरतो, ट्यूबलाइटची घूंघूं एकटीलाच का ऐकू येते, मैत्रिणींच्या घोळक्यात दहा मिनिटांत का दमायला होतं, या सगळ्याला एकदाचं नाव मिळालं. आता ते घरी सांगायचं होतं. आई रडेल, स्वतःला बोल लावून घेईल आणि मग जवळ घेईल, हे तिला पाठ होतं. धास्ती होती ती बाबांची. बाबा काहीच बोलणार नाहीत. बाबांच्या काहीच न बोलण्याचे निदान सात-आठ अर्थ निघायचे आणि ते तिला अठ्ठावीस वर्षांत वेगळे करता आले नव्हते. फोनवर सांगायची हिंमत होईना, म्हणून ऑटिझमच्या खुणा जितक्या जास्त तितका आकडा मोठा, अशा ज्या चाचणीपासून तिने स्वतः सुरुवात केली होती, तीच पुढे पाठवली. बाबांनी ती बघावी आणि रविवारी फक्त ‘कळलं’ म्हणावं, एवढंच तिला हवं होतं.

रेडिओने चाचणी चार मिनिटांत उरकली. त्या चार मिनिटांत तिने एका बाईंना सोनेरी पट्ट्यांचे नमुने दाखवले, एका आजोबांच्या मोतीबिंदूची हकिगत ऐकली आणि समोरच्या टपरीवर हातानेच दोन चहा सांगितले. वर प्रस्तावना होती, ती तिने वाचली नाही. प्रस्तावना, सूचना आणि औषधाच्या बाटलीवरचा मजकूर ती कधीच वाचत नसे. ‘अनोळखी माणसांशी बोलताना मला अवघडल्यासारखं होतं.’ छे! ‘समोरच्याच्या चेहऱ्यावरून त्याच्या मनातलं ओळखणं मला जड जातं.’ छे छे! ‘ठरलेला क्रम बदलला की मी अस्वस्थ होते.’ अहो, क्रम ठरलेला असेल तर ना! टकाटक बोटं मारत ती शेवटाला पोचली आणि पडद्यावर निकाल उमटला. पन्नासपैकी सहा.

रेडिओने मोबाइल जवळ धरून आकडा पुन्हा वाचला. शाळेत तिचा पहिला नंबर कधी चुकला नव्हता, आणि आता बारा टक्के! चाचणी कशाची होती ते तिला उमगलं नव्हतं, पण सहा म्हणजे नापास, हे कळायला काही प्रस्तावना लागत नाही. साठीला टेकलेल्या आईबापांचं डोकं ठिकाणावर आहे की नाही, ते पोरगी तपासत असणार. दुपारी दुकानात सामसूम झाल्यावर तिने चष्मा पुसला आणि एकेक प्रश्न जोर लावून वाचत चाचणी पुन्हा दिली. या खेपेला पाच आले.

मोजपट्टीची तऱ्हा वेगळी. लेकीचा शाळेच्या परीक्षेचा फॉर्म त्याने तपासला होता, कॉलेजचा तपासला होता, नोकरीचा अर्ज तपासला होता, आणि दर वेळी त्यात निदान एक चूक काढून दाखवली होती. लेकीने काही लिखापढीचं पाठवलं की ते तपासायला, हा बापलेकीतला जुना रिवाज. पडद्यावर त्याचा विश्वास नव्हता. त्याने कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातून चाचणीच्या तीन प्रती छापून आणल्या. एक कच्ची, एक पक्की आणि एक फायलीला.

कच्ची प्रत घेऊन तो कामाच्या मोठ्या टेबलाशी बसला. प्रस्तावना तीनदा वाचली. मग पेन्सिलीने तपासणी सुरू झाली. पहिला प्रश्न होता, ‘एखादी गोष्ट नेहमी एकाच पद्धतीने करायला मला आवडतं.’ समासात त्याने लिहिलं, ‘दुसऱ्या पद्धतीने केली तर कोपरा जुळत नाही. आवडण्याचा संबंध नाही.’ ‘पार्टीला जाण्यापेक्षा मला घरी राहणं आवडतं.’ याच्यापुढे लिहिलं, ‘पार्टी कुणाची? संपणार किती वाजता?’ उत्तरांसाठी चार पर्याय दिले होते. पूर्ण सहमत, थोडा सहमत, थोडा असहमत, पूर्ण असहमत. ‘थोडा म्हणजे किती?’ असं त्याने समासात विचारलं आणि उत्तर देणारं कुणी नसल्यामुळे प्रत्येक प्रश्नाखाली दहा सेंटिमीटरची रेघ ओढून तिच्यावर खूण करायला सुरुवात केली. त्रेचाळिसावा प्रश्न त्याने आधीच बघून ठेवला होता. ‘मी विनोद केला तर लोक हसत नाहीत.’ त्याच्यापुढे त्याने प्रामाणिकपणे लिहिलं, ‘विनोद केलेला नाही. माहिती अपुरी.’

नवव्या प्रश्नाशी मात्र पेन्सिल जरा रेंगाळली. ‘इतरांच्या लक्षात न येणारे बारीक आवाज मला ऐकू येतात.’ मोजपट्टीने मान वर करून ट्यूबलाइटकडे बघितलं. ती गेली अकरा वर्षं घूंघूं करत होती. वायरमनला त्याने चारदा बोलावलं होतं आणि चारही वेळा वायरमन हसून परत गेला होता. चौदाव्या प्रश्नात लिहिलं होतं, ‘बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणं मला अवघड जातं.’ इथे समासात त्याने काहीच लिहिलं नाही. खिडकीबाहेर उभं राहून कुणीतरी आपल्याला तीस वर्षं बघत होतं आणि मग घरी जाऊन त्याने हे प्रश्न काढले, असं त्याला वाटायला लागलं होतं.

अडचण आली ती आठ प्रश्नांची. ‘लोक म्हणतात की मी उद्धट बोलतो.’ ‘मी बोलत असताना लोकांना कंटाळा येतो.’ असे प्रश्न. आता लोक काय म्हणतात, ते आपण कसं सांगणार? चौकट सरळ आहे की नाही, हे चौकटीला विचारून चालत नाही. बुधवारी सकाळी मोजपट्टी वही घेऊन शेजारच्या सलूनमध्ये शिरला. बावीस वर्षांच्या शेजारात तो महिन्यातून एकदा केस कापायला सोडून तिथे कधी गेला नव्हता.

“मी उद्धट आहे का?” त्याने विचारलं.

सलूनवाल्याची कात्री हवेतच थांबली. खुर्चीतलं गिऱ्हाईक आरशातून बघायला लागलं.

“काय झालं हो? कुणी काही बोललं का?”

“हो की नाही, एवढंच सांगा.”

“उद्धट असं नाही. तुम्ही आपले स्पष्ट आहात.”

“स्पष्टचा रकाना नाही.”

“मग... थोडेसे.”

“थोडेसे म्हणजे किती?” मोजपट्टीने वही पुढे केली. “ही दहा सेंटिमीटरची रेघ आहे. इथे खूण करा.”

सलूनवाल्याने साडेसहावर खूण केली. मग त्याला वाईट वाटलं, म्हणून ती खोडून तीनवर केली.

“पहिली धरतो,” मोजपट्टी म्हणाला. “पुढचा प्रश्न. मी बोलायला लागलो की तुम्हाला कंटाळा येतो का?”

“तुम्ही बोलायला लागलात कधी?”

मोजपट्टीने ‘माहिती अपुरी’ असं लिहून घेतलं, आठही प्रश्न पुरे केले आणि जाताना म्हणाला, “आभारी आहे.” तो आभारी आहे म्हणाला, इथेच सगळा घोटाळा झाला. सलूनवाला कात्री हातात धरून बराच वेळ दाराकडे बघत राहिला.

बुधवार-गुरुवारात मोजपट्टीने तेवीस माणसांना गाठलं. झेरॉक्सवाला झाला, टपरीवाला झाला, चौकटी न्यायला आलेली गिऱ्हाइकं झाली. गणिताच्या एक निवृत्त बाई होत्या, त्यांना त्याने विचारलं, “मी तुम्हाला कधी दुखावलं का?”

“हो,” बाई म्हणाल्या. “यजमान गेले, त्यांचा फोटो घेऊन मी आले, तर तुम्ही म्हणालात, फोटो वाकडा काढलाय.”

“दीड अंश वाकडा होता.”

“तेव्हा फार लागलं. मग घरी जाऊन मी कोनमापक लावून बघितलं. दीडच भरला.” बाईंनी चष्मा काढून पुसला. “खरं सांगू? बाकी सगळे नुसतं छान आहे, छान आहे म्हणत होते. त्यांच्याकडे नीट बघितलंत ते तुम्हीच.”

मोजपट्टीला हे कुठल्या रकान्यात लिहावं ते कळेना. त्याने वही मिटली.

गुरुवारी दुपारी जेवताना रेडिओने सहज विचारल्यासारखं विचारलं, “अहो, ते लेकीने पाठवलेलं, तुमचं झालं का?”

“एकदा झालं. अजून दोनदा बाकी आहे.”

“आले किती?”

“पस्तीस.”

“पन्नासपैकी?”

“हो. तुझे?”

“माझी... बॅटरी संपली मध्येच,” रेडिओ म्हणाली आणि ताटं घेऊन उठली.

आजवर पाहुणेरावळे, शाळा, दवाखाने, रुसवेफुगवे, सगळा कारभार तिने एकहाती रेटला होता. घरात डोकं तिचं चालतं, असं सारे म्हणत आणि तिलाही ते पटलेलं होतं. आणि आता याला पस्तीस आणि तिला पाच! नळ सोडून, म्हणजे आवाज बाहेर जाऊ नये अशा बेताने, ती भांड्यांपाशी मनसोक्त रडली.

शुक्रवारी सलूनवाल्याने चौकशी केली, “वहिनी, घरी सगळं ठीक ना?”

“आहे की,” एवढंच म्हणून लाल डोळ्यांनी रेडिओ आत गेली.

आता सलूनवाल्याच्या जागी तुम्ही असता तर काय समजला असता? ज्या माणसाने बावीस वर्षांत कुणाला ‘कसे आहात’ म्हणून विचारलं नाही, तो घरोघर जाऊन आपण कुणाला दुखावलं तर नाही ना, असं विचारतोय. त्याच्या दुकानाच्या दारावर पाटी लागली आहे, ‘राहिलेली सर्व कामे शनिवारपर्यंत पूर्ण होतील. नवीन काम घेत नाही.’ ही पाटी मोजपट्टीने रविवारी लेक येणार म्हणून लावली होती, टेबल मोकळं हवं म्हणून. पण हे पाटीवर कुठे लिहिलं होतं? शिवाय सुट्टी ना काही, लेक अचानक येतेय. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे खुद्द रेडिओ दोन शब्दांत गप्प झाली. सलूनवाल्याने दोन आणि दोन चार केले. संध्याकाळपर्यंत साऱ्या बाजाराला बातमी लागली, की मोजपट्टीचे दिवस भरत आले. ज्यांनी रेघेवर आठाच्या पुढे खूण केली होती, त्यांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

“रविवारी अकराला पोरगी पोचतेय,” सलूनवाल्याने सगळ्यांना सांगितलं. “तेव्हाच जाऊ या. तेवढाच तिला धीर.”

रविवारी पावणेअकराला रेडिओने अर्धं शटर वर केलं, तर बाहेर माणसं उभी. हातात फुलं, सफरचंदाच्या पिशव्या, चेहरे लांबलेले. तिला काही सुधरेना, पण दारात आलेल्या माणसाला आत घ्यायचं नाही, हे तिला जमणारं नव्हतं. मोजपट्टीने सातापर्यंत माणसं मोजली आणि तो मुकाट्याने मागच्या खोलीत गेला. अकराच्या ठोक्याला लेक पाठीवर सॅक घेऊन दुकानात शिरली तेव्हा आत सत्तावीस जण होते आणि सगळेच्या सगळे तिच्याकडे वळले.

“आलीस का पोरी? धीर धर हो,” असं म्हणत एकाने तिच्या पाठीवरून हात फिरवला. दुसऱ्याने खांदा थोपटला. तिसरीने तोंड हातात धरलं.

“माणूस अगदी सोन्यासारखा होता,” झेरॉक्सवाला भरल्या गळ्याने म्हणाला.

“आहे! आहे!” सलूनवाल्याने त्याला कोपराने ढोसलं.

लेकीच्या कानात घणघणायला लागलं. एवढे हात, एवढे आवाज, आणि बाबा? बाबांना काय झालं? ती वाट काढत मागच्या खोलीत शिरली आणि दार लावून घेतलं. खोलीत कुणी नव्हतं. दिवा बंद होता. मग ती सहा वर्षांची असल्यापासून जे करत आली तेच तिने केलं. काच कापायच्या मोठ्या टेबलावर जाड घोंगडी अंथरलेली असायची, ती पुढून जमिनीपर्यंत लोंबायची. ती घोंगडी वर करून लेक टेबलाखाली शिरली. तिथे बाबा गुडघे जवळ घेऊन बसले होते.

“ये,” मोजपट्टी म्हणाला आणि जरा सरकला.

“बाबा, तुम्हाला काय झालंय?”

“काही नाही. बाहेर माणसं फार झाली.”

“आजारी आहात तुम्ही? खरं सांगा.”

“नाही.”

“मग ते सगळे रडतायत का?”

मोजपट्टीने विचार केला. “मी त्यांना आठ प्रश्न विचारले होते. त्याचंच काहीतरी असेल.” त्याने खिशातून वही काढून तिच्या हातात दिली. घोंगडीच्या फटीतून येणाऱ्या उजेडात लेकीने वाचलं. उद्धट : हो एकोणीस, नाही चार. खाली टीप होती, ‘नाही म्हणणाऱ्या चौघांपैकी तिघांच्या चौकटी अजून व्हायच्या आहेत.’ लेकीला हसू आणि रडू एकदमच फुटलं.

“बाबा, मी ती चाचणी तपासायला नव्हती पाठवली.”

“ते नवव्या प्रश्नाला माझ्या लक्षात आलं.” त्याने बोटांवर मोजलं. “पहिल्यांदा सोडवली ती तपासायला. पस्तीस आले. दुसऱ्यांदा सोडवली ती माझी म्हणून. छत्तीस आले.”

“आणि तिसऱ्यांदा?”

“फायलीच्या प्रतीवर तुझी उत्तरं भरली.” मोजपट्टी समोरच्या घोंगडीकडे बघत म्हणाला. “अडतीस आले.”

त्याच्या शेजारी ठेवलेली फाइल लेकीने उचलून आपल्या मांडीवर घेतली. मग तिने त्याला सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाई, तीन बैठका, पंधरा दिवस, न पाठवलेले मेसेज, सगळं. तो काही बोलला नाही. पण हे न बोलणं कसलं आहे, ते आज पहिल्यांदाच तिला कळत होतं. ते ऐकणं होतं.

“मला एकोणचाळीस आले होते,” शेवटी ती म्हणाली.

मोजपट्टी एकदम सावध झाला. “एक चुकला? कुठला?”

तिने फायलीची प्रत उघडून पानं उलटली. शेवटून दुसऱ्या प्रश्नावर बोट ठेवलं. ‘मी घरच्यांना कळत नाही, असं मला वाटतं.’ त्याने पूर्ण असहमतवर खूण केली होती. “हा,” ती हळूच म्हणाली.

मोजपट्टीने तो प्रश्न पुन्हा वाचला. मग टेबलाच्या खालच्या फळीवर हात टेकला. “चित्र चौकटीत बसवताना कधी घट्ट बसवायचं नाही,” तो म्हणाला. “चारी बाजूंनी एक सूत मोकळं ठेवायचं. इंचाचा आठवा भाग. हवा बदलली की कागद फुगतो. जागा नसली की त्याला सुरकुत्या पडतात. लोक म्हणतात, कागद खराब होता. कागद खराब नसतो. माप घेणाऱ्याचं चुकलेलं असतं.” त्याने फळीवरचा हात काढून घेतला. “तुला लग्नाकार्याला ओढत नेलं. पाहुण्यांसमोर बोल बोल म्हणून मागे लागलो. मला स्वतःला तिथे बसवत नव्हतं, तरी तुला बसवलं. चुकलं माझं.”

“म्हणजे तुम्हाला कळलं.”

“कळलं,” मोजपट्टी म्हणाला.

लेकीने त्याच्या कानामागची पेन्सिल काढून घेतली आणि फायलीच्या प्रतीवर, त्याच्या खुणेपुढे, लिहिलं, ‘बरोबर.’

बाहेर दुकानात रेडिओने तोवर सलूनवाल्याचा चेहरा वाचून अर्ध्या मिनिटात सगळा प्रकार ताडला होता. ‘अहो, ते ठणठणीत आहेत,’ असं तिने तीनदा सांगून बघितलं. प्रत्येक वेळी कुणीतरी ‘वहिनी, धन्य आहे तुमची’ म्हणून डोळे पुसत होतं. शेवटी नाइलाज झाला.

“ऐका हो सगळे!” ती गरजली. “लेकीने आम्हाला एक परीक्षा पाठवली होती. हे प्रश्न त्यातले. यांना पस्तीस आले आणि मला...” तिचा आवाज अडखळला, पण नवऱ्याला जिवंत करायचं तर दुसरा इलाज नव्हता. “मला सहा आले. पन्नासपैकी सहा. झालं समाधान?”

गणिताच्या बाईंनी हात पुढे केला. “बघू कसली परीक्षा.” त्यांनी रेडिओच्या मोबाइलवर लिंक उघडली आणि प्रस्तावना पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचली. मग त्या रेडिओला बाजूला घेऊन हलकेच म्हणाल्या, “हे मार्क नव्हेत हो.” आणि ते काय होतं, ते त्यांनी चार वाक्यांत सांगितलं.

पन्नासपैकी सहावालीला पाचवं वाक्य लागलं नाही. लेकीने हे का पाठवलं, ‘घाई नाही’ का लिहिलं, आणि आता ती दार लावून आत का बसली आहे, हे सगळं तिच्या एका क्षणात ध्यानात आलं. तिचे डोळे भरले, पण ते तिने नंतरसाठी ठेवले. पुढच्या तीन मिनिटांत तिने कुणाला न दुखावता सत्तावीस माणसं दुकानाबाहेर काढली. कुणाला गुडघ्याची आठवण दिली, कुणाला घरी एकट्या असलेल्या आईची, झेरॉक्सवाल्याला त्याच्या उघड्या टाकलेल्या दुकानाची. सफरचंदं तेवढी ठेवून घेतली. शटर खाली ओढलं आणि ती मागच्या खोलीत गेली.

घोंगडी वर झाली. “सरका,” रेडिओ म्हणाली.

तिघं दाटीवाटीने बसले. आई रडली नाही. तिने लेकीला जवळ ओढायला हात पुढे केला, अर्ध्यावर थांबवला आणि विचारलं, “धरू का?” असं तिने आयुष्यात कधी विचारलं नव्हतं. लेक स्वतःहून तिच्या खांद्याला टेकली.

“मला वाटत होतं, मी नापास झाले,” थोड्या वेळाने रेडिओ म्हणाली. “दुसऱ्यांदा तर पाचच आले. तुम्ही दोघं एकीकडे. म्हणजे या घरात वेगळी आहे ती मीच.”

मोजपट्टीने यावर बराच विचार केला.

“सहा फारच कमी आहेत,” तो गंभीरपणे म्हणाला. “एकदा डॉक्टरांना दाखवून घेऊ या.”

रेडिओने लेकीकडे बघितलं, लेकीने आईकडे. मोजपट्टीचा चेहरा नेहमीसारखाच होता. मग रेडिओला जे हसू फुटलं, ते काही केल्या आवरेना, आणि लेक हसताना टेबलाच्या फळीवर डोकं आपटून घेऊन पुन्हा हसली.

“हसलात?” मोजपट्टीने विचारलं.

“हो!”

“दोघी?”

“हो, अहो, दोघी!”

मोजपट्टीने लेकीच्या हातातली पेन्सिल परत घेतली, फायलीतली कच्ची प्रत गुडघ्यावर पसरली आणि त्रेचाळिसावा प्रश्न काढला. ‘विनोद केलेला नाही. माहिती अपुरी,’ हे नीट खोडरबराने पुसलं, वरचा भुगा फुंकला आणि तिथे तारीख घालून लिहिलं, ‘एक केला. दोघी हसल्या.’ लिहिलेलं त्याने लांब धरून एकदा वाचलं. त्याचं समाधान झालेलं दिसेना.

“अजून दोन करावे लागतील,” तो म्हणाला. “सरासरी काढायची तर.”